दहा टाक्यांचं मॉडेल लॅपटॉपमध्ये कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंड्रीतली दहा इमारतींची सोसायटी. प्रत्येक गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा एक सेन्सर. दहाही सेन्सर एकाच रेडिओ चॅनेलवरून वॉचमनच्या केबिनमधल्या रिसीव्हरला आकडा पाठवतात, आणि त्यावरून टँकर मागवायचा की नाही ते ठरतं. वेळ स्लॉटमध्ये कापलेला आहे. एका स्लॉटमध्ये एकटाच सेन्सर बोलला तर त्याचा आकडा पोचतो आणि तो गप्प होतो. दोघे-तिघे एकदम बोलले की सगळ्यांचंच वाया. सुरुवातीला प्रत्येक सेन्सर २ स्लॉटच्या खिडकीतून एक स्लॉट निवडतो, टक्कर झाली की ४ च्या खिडकीतून, पुन्हा झाली की ८ च्या, आणि पुढे कायम ८ च्याच. १००० स्लॉटच्या आत दहाही आकडे पोचण्याची संभाव्यता किती, आणि सरासरी किती स्लॉट लागतात? एम.टेक.च्या प्रकल्पासाठी हे प्रिझममध्ये, म्हणजे संभाव्यतेची मॉडेल तपासणाऱ्या टूलमध्ये, लिहिलंय. तीन सेन्सरला चालतं, पाचला १६ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. प्रिझमचं इंजिन (आतली गणित करायची पद्धत) बदलू का, पार्शियल ऑर्डर रिडक्शनचा उपयोग होईल का, की सरांना सांगून मोठ्या मशीनवर वेळ मागू, असं तुम्ही विचारलंय.

मोठ्या मशीनचं आधी निकालात काढू. पुढे दिसेल की नीट लिहिलेल्या मॉडेलमध्येसुद्धा प्रत्येक वाढीव सेन्सर अवस्थांची संख्या साधारण नऊपट करतो (अवस्था म्हणजे एका क्षणी सगळे सेन्सर कुठे आहेत त्याची एक मांडणी). म्हणजे नऊपट रॅम मिळाली तर तुमचा एक सेन्सर वाढणार. पाचावरून दहावर जायला हा रस्ता नाही. पार्शियल ऑर्डर रिडक्शन तिथे कामाला येतं जिथे प्रक्रिया एकामागून एक, कुठल्याही क्रमाने चालतात आणि बरेचसे क्रम एकच परिणाम देतात. तुमचे दहाही सेन्सर एकाच घड्याळाच्या ठोक्यावर एकत्र पाऊल टाकतात. गाळायला क्रमच नाहीत. इंजिनाचं शेवटी बोलू.

आता तुमचं मॉडेल. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक सेन्सरला तीन व्हेरिएबल आहेत: स्थिती (निवांत, थांबलेला, पाठवतोय, झालं), थांबायचे उरलेले स्लॉट ० ते ७, आणि टकरींचा आकडा ० ते २. कागदावर ४ × ८ × ३ म्हणजे ९६. शिवाय सगळ्यांना मिळून एक स्लॉट-मोजणी, ० ते १०००.

ही मोजणी सगळ्यात आधी काढा. वेळ मोजायचाय म्हणून घड्याळ मॉडेलमध्ये ठेवावंसं वाटतं, मीही सुरुवातीची दोन वर्षं तेच करत होतो. पण ते आत आलं की सेन्सरांची तीच मांडणी १७ व्या स्लॉटला वेगळी अवस्था आणि १८ व्या स्लॉटला वेगळी अवस्था होते. अख्खं मॉडेल हजारपटीपर्यंत फुगतं, आणि कशासाठी? मर्यादा प्रॉपर्टीत, म्हणजे टूलला विचारलेल्या प्रश्नात, लिहिली की टूल एकच व्हेक्टर (दर अवस्थेला एक आकडा) घेऊन त्याला मॅट्रिक्सने (कुठल्या अवस्थेतून कुठे जायची संभाव्यता किती, त्या तक्त्याने) १००० वेळा गुणतं, एवढंच. सरासरी वेळेसाठी प्रत्येक स्लॉटला १ रिवॉर्ड लावा आणि सगळं पोचेपर्यंतचा अपेक्षित रिवॉर्ड विचारा. घड्याळ आत ठेवायची वेळ एकाच कारणाने येते: मॉडेलचं वागणं वेळेवर अवलंबून असेल तर. समजा रोज पहाटे ठरावीक स्लॉटला रिसीव्हर बंद होतो. तुमच्याकडे तसं काही नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. एका स्लॉटचं काम तुम्ही दोन पावलांत केलंय, आधी सगळे पाठवायचं की नाही ते ठरवतात आणि मग टक्कर झाली का ते बघतात. तेव्हा प्रॉपर्टीतली मर्यादा १००० नव्हे, २००० पावलांची हवी.

दुसरी गोष्ट, मेलेली व्हेरिएबल. सेन्सरचा आकडा पोचला, तो गप्प झाला, तरी तुमच्या मॉडेलमध्ये त्याच्या टकरींचा आकडा तसाच पडून आहे. म्हणजे एकही टक्कर न होता पोचलेला आणि दोन टकरी खाऊन पोचलेला, असे दोन वेगळे ‘झालं’. पुढे काय होणार यात दोघांत तिळमात्र फरक नाही. ज्या किमतीचा पुढे कुणी उपयोग करणार नाही, ती त्याच क्षणी शून्यावर आणा. तसंच ‘निवांत’ ही स्थिती नकोच, कारण नवा स्लॉट टकरीच्याच पावलात निवडता येतो. ‘पाठवतोय’ म्हणजे उरलेले स्लॉट शून्य, त्यासाठी वेगळी स्थिती कशाला? आणि थांबण्याच्या जोड्याही मोजून पाहा. टकरी शून्य असतील तर उरलेले स्लॉट ० किंवा १, एक असेल तर ० ते ३, दोन असतील तर ० ते ७. २ अधिक ४ अधिक ८ म्हणजे १४, आणि एक ‘झालं’. ९६ वरून १५ झाले, आणि अजून आपण हुशारीचं काही केलेलंच नाही, नुसती झाडलोट केलीय.

तरीही दहा सेन्सरसाठी १५ चा दहावा घात ५७,६६५ कोटींच्या घरात जातो. आता जरा जवळ जाऊन बघा. पहिल्या खिडकीतले सगळे दोन स्लॉटच्या आत बोलून मोकळे होतात. काही पोचतात, बाकीचे टक्कर खाऊन ४ च्या खिडकीत जातात. ४ च्या खिडकीत शेवटचा सेन्सर दुसऱ्या स्लॉटच्या अखेरीस शिरतो, म्हणून सहाव्या स्लॉटच्या अखेरीस तीही रिकामी. सातव्या स्लॉटपासून पुढे जगात दोनच प्रकारचे सेन्सर उरतात: पोचलेले आणि ८ च्या खिडकीतले. टकरींचा आकडा त्यानंतर सगळ्यांचा २, म्हणजे तो व्हेरिएबल नव्हे, स्थिरांक झाला. प्रत्येक सेन्सरला ८ अधिक १, नऊच शक्यता. नऊपट म्हटलं ते इथून आलं. ९ चा दहावा घात ३,४८,६७,८४,४०१. प्रत्येक अवस्थेला ८ बाइटचा एक आकडा धरला तरी नुसता एक व्हेक्टर २८ जीबीच्या आसपास जातो, आणि मॅट्रिक्स अजून बाजूलाच आहे.

इथे खरी कात्री लागते ती सममितीची. सोसायटीला चौथ्या इमारतीचा सेन्सर थांबलाय की सातव्या इमारतीचा, याच्याशी देणंघेणं नाही, आणि तुमच्या प्रश्नालाही नाही. दहाही जण पोचले का, एवढंच विचारलंय. मग कोण कुठे हे विसरा आणि कुठे किती हे लक्षात ठेवा. एकसारखे दहा लाडू नऊ डब्यांत किती प्रकारे ठेवता येतील? ४३,७५८ प्रकारे. साडेतीनशे कोटींच्या जागी ४४ हजारही नाहीत. पहिल्या सहा स्लॉटचं वेगळं धरा. त्या काळात कुठल्याही क्षणी सहाहून जास्त डबे वापरात नसतात (हे स्वतः मांडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे), म्हणजे दर स्लॉटला फार तर ३,००३ अवस्था. सगळं मिळून ६२ हजारांच्या आत.

हे बरोबर का चालतं याचं गणित जुनं आहे. मार्कोव्ह साखळीच्या (जिचं पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या अवस्थेवर ठरतं, तिच्या) अवस्थांचे गट पाडले आणि एका गटातल्या प्रत्येक अवस्थेतून दुसऱ्या कुठल्याही गटात जाण्याची एकूण संभाव्यता सारखीच आली, तर गटांनाच अवस्था मानता येतं. केमेनी आणि स्नेल यांच्या १९६० च्या पुस्तकात याला लम्पेबिलिटी म्हटलंय. लार्सन आणि स्को यांनी पुढे १९८९ मध्ये संभाव्यतेच्या बायसिम्युलेशनची, म्हणजे पुढे सारख्याच वागणाऱ्या अवस्था एक मानण्याची, कल्पना मांडली, तीही याच घराण्यातली. सेन्सरांची अदलाबदल केली तरी मॉडेल तेच राहतं, म्हणून आपले गट ही अट आपोआप पाळतात.

पण थांबा. बहुतेक जण इथे खूश होऊन अवस्थाच मोजत बसतात आणि फाटे, म्हणजे एका अवस्थेतून पुढच्या अवस्थांत जायच्या वाटा, मोजायचे विसरतात. मेमरी फाट्यांना लागते. विरळ मॅट्रिक्समध्ये प्रत्येक फाट्याला साधारण १२ बाइट जातात, ८ संभाव्यतेचे आणि ४ स्तंभाच्या क्रमांकाचे. तुमच्या मॉडेलमध्ये टक्कर झाल्याबरोबर प्रत्येक सेन्सर ० ते ७ मधला आकडा काढून ठेवतो. पाच जण एकदम आपटले तर एकाच अवस्थेतून ८ चा पाचवा घात, ३२,७६८ फाटे. दहा जण आपटले तर १०७ कोटींवर. पाचव्या सेन्सरला तुमचा लॅपटॉप बसला त्यात याचाही मोठा वाटा असणार.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. आकडा आधी काढूच नका. ८ च्या खिडकीत शिरलेल्या सेन्सरने पहिल्या स्लॉटला १/८ संभाव्यतेने बोलावं. नाही बोलला तर पुढच्या स्लॉटला १/७, मग १/६, असं करत शेवटच्या स्लॉटला नक्की. आठही स्लॉटना वाटा १/८ च येतो, गुणाकार करून बघा. फरक एवढाच की आता लक्षात ठेवायचंय ते ‘किती स्लॉट झाल्यावर बोलणार’ हे नाही, ‘खिडकीत किती जागा उरल्या’ हे. डबे तेवढेच, आठ. पण एकाच टकरीतून बाहेर पडलेले सगळे आता एकाच डब्यात असतात, आणि त्या डब्यातून या स्लॉटला किती जण बोलणार एवढंच बघायचं. पाच जण असतील तर शून्य ते पाच, सहाच फाटे, प्रत्येकाची संभाव्यता द्विपद वितरणाने. एकच जागा उरलेल्या डब्यातल्यांना पर्याय नसतो, ते बोलतातच. म्हणजे सगळ्यात वाईट म्हणजे दहा जण उरलेल्या सात डब्यांत विखुरलेले असले तरी ३ × ३ × ३ × २ × २ × २ × २ म्हणजे ४३२ फाटे. ४३,७५८ अवस्थांपैकी प्रत्येकीला एवढे धरले (धरू नयेत, पण धरले) तरी मॅट्रिक्स २५० एमबीच्या आत राहतं. तुमचा लॅपटॉप यात घामेजणारसुद्धा नाही.

नाणं उशिरा टाकायच्या या युक्तीला एक अट आहे, ती लिहून ठेवा. तुमचं मॉडेल शुद्ध डीटीएमसी आहे, म्हणजे सगळे निर्णय नाण्याचे. उद्या त्यात एमडीपीतल्यासारखा (एमडीपी म्हणजे जिथे काही निर्णय नाण्याचे नसून कुणीतरी निवडायचे असतात असं मॉडेल) एखादा शत्रू आला, म्हणजे कमाल-किमान काढताना हवा तो निर्णय घेणारा कुणी, तर आधी काढलेला आकडा त्याला दिसतो आणि न काढलेला दिसत नाही. दोन्ही मॉडेलांची कमाल संभाव्यता वेगळी येऊ शकते. माझ्या मते प्रत्यक्षात उशिराचंच खरं असतं, कारण कुठलाही अडथळा सेन्सरच्या पोटातला आकडा वाचून येत नाही. पण प्रबंधात ते एका वाक्यात सांगितलेलं बरं, नाहीतर परीक्षक नेमकं तेच विचारतील.

हे लिहायचं कसं? प्रिझममध्ये सममितीसाठी एक सोय आहे, एकसारखी मॉड्यूल लागोपाठ लिहिली की ती वापरता येते. पण ती आधी पूर्ण मॉडेलची आकृती बांधते आणि मग कमी करते, आणि तुमची अडचण बांधण्याचीच आहे. मी सरळ पायथनमध्ये लिहीन. अवस्था म्हणजे डब्यांतल्या संख्यांचा टपल. सुरुवातीला सगळे दहा २ च्या खिडकीत, तिथून रुंदीने शोध, भेटलेल्या अवस्था डिक्शनरीत. एका स्लॉटचा नियम असा: प्रत्येक डब्यातून किती बोलले ते निवडा, एकूण एक असेल तर तो ‘झालं’मध्ये, दोन किंवा जास्त असतील तर ते पुढच्या खिडकीच्या पहिल्या डब्यात, गप्प राहिलेले सगळे एक डबा पुढे. पन्नासेक ओळी होतील. मग अवस्था आणि फाट्यांच्या फाइली लिहून प्रिझममध्ये किंवा त्याच कामाच्या स्टॉर्म या दुसऱ्या टूलमध्ये भरा. शिवाय इथे एक स्लॉट म्हणजे एकच पाऊल, त्यामुळे मघाची २००० ची भानगडही मिटते.

स्टॉर्मची बायसिम्युलेशनची सोय याच कामाची आहे, मग हातानं का करायचं, असं तुम्ही म्हणाल. बांधता येईल एवढं मॉडेल असेल तर जरूर टूलला करू द्या. काटोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलंय की आधी लम्पिंग (असे गट पाडणं) करून मग गणित करणं बहुतेक वेळा एकूण वेळेतही परवडतं. पण त्यालाही आधी पूर्ण मॉडेल हवं. म्हणून माझ्याकडे टूलचं लम्पिंग तपासनीसाच्या कामाला असतं. तीन सेन्सरचं पूर्ण मॉडेल बांधा, त्यावर बायसिम्युलेशन चालवा आणि आलेल्या अवस्था तुमच्या पायथनच्या अवस्थांशी ताडून बघा. टूलला तुमच्याहून कमी सापडल्या तर काही बिघडत नाही, ते सगळ्यात जाड गट शोधतं. जास्त सापडल्या तर तुम्ही वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्यात. इथे एक खड्डा आहे: ही तुलना उशिरा नाणं टाकणाऱ्या पूर्ण मॉडेलशी करा, आणि स्लॉटच्या शेवटच्याच अवस्था मोजा, मधल्या पावलातल्या नकोत. आधी आकडा काढणाऱ्या मॉडेलच्या अवस्थांना भविष्य ठाऊक असतं, म्हणून त्यांचा हिशोब जुळणार नाही. अंतिम संभाव्यता मात्र तिन्ही मॉडेलांची (आधी आकडा काढणारं, उशिरा नाणं टाकणारं, आणि पायथनचं) एकच यायला हवी.

तपासणीचा एवढा सोस का, तर एकदा चांगलंच तोंडावर पडलोय. चाकणच्या बाजूचा एक कारखाना, सहा एकसारखे कंट्रोलर, एकाच बसवर. मी मोठ्या ऐटीत सहांची मोजणी करून मॉडेल इवलंसं केलं आणि अहवाल दिला. दोन आठवड्यांनी दोनच कंट्रोलरचं पूर्ण मॉडेल सहज चालवून पाहिलं तर आकडा जुळेना. दिवसभर शोधल्यावर कळलं की दोघांनी एकदम बस मागितली तर लहान क्रमांकाच्या कंट्रोलरला ती मिळते, असं कोडमध्ये एका ओळीत होतं. क्रमांक बघितला की सममिती संपली. अहवाल परत मागवताना जे बोलणं खाल्लं ते इथे लिहीत नाही.

तुमच्याकडेही हा प्रश्न येईलच. समजा टोकाच्या तीन इमारतींचा सिग्नल कमजोर आहे आणि एकटे बोलले तरी त्यांचा आकडा कधीकधी हरवतो. मग दोन गट करा, सात जवळचे आणि तीन लांबचे. ६,४३५ गुणिले १६५, म्हणजे साडेदहा लाखांच्या थोडं वर. चालेल. प्रॉपर्टीच एका सेन्सरबद्दल असेल, उदाहरणार्थ ‘क्लब हाउसवरच्या टाकीचा आकडा शेवटी पोचण्याची संभाव्यता’, तर तो एक बाहेर काढा आणि उरलेल्या नऊ जणांची मोजणी ठेवा: ९ गुणिले २४,३१०, सव्वादोन लाखांच्या आत. सममिती सगळीच्या सगळी किंवा अजिबात नाही, असं नसतं.

इंजिन. प्रिझमचं एमटीबीडीडी (सारखे भाग एकदाच साठवणारी निर्णय-आकृती) इंजिन अवस्था एकेक करून साठवत नाही, आकृतीत गुंडाळतं, आणि ब्रायंट यांच्या १९८६ च्या कामापासून माहीत आहे की आकृतीचा आकार व्हेरिएबलच्या क्रमावर नाचतो. प्रिझम तो क्रम तुमच्या फाइलमधल्या क्रमावरून घेतं. तेव्हा पूर्ण मॉडेल चालवताना ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे ती व्हेरिएबल शेजारी ठेवा, आणि सगळ्यांशी संबंध असलेलं सगळ्यात वर. पण गुंडाळलेलं मॉडेल छोटं असलं तरी उत्तराच्या व्हेक्टरमध्ये लाखो वेगवेगळे अपूर्णांक येतात आणि ते गुंडाळले जात नाहीत. हायब्रिड इंजिन म्हणूनच व्हेक्टर साधा ठेवतं. ६२ हजार अवस्थांना यातलं काहीच लागत नाही, विरळ मॅट्रिक्सचं इंजिन लावा आणि चहा घेऊन या. किंबहुना चहाही होणार नाही.

कुणी तुम्हाला सिम्युलेशन सुचवलं असेल, तर तो सल्ला वाईट नाही. ±०.०१ आणि ९५ टक्के खात्रीला १८,४४५ धावा पुरतात, सेन्सर दहा असोत की शंभर. अचूकता दहापट हवी झाली की धावा शंभरपट, १८ लाखांवर. आणि १००० स्लॉटमध्ये ‘न’ पोचण्याची संभाव्यता इतकी बारीक असणार की सिम्युलेशनमध्ये ती घटना एकदाही दिसणार नाही. तुम्हाला तर नेमकी तीच हवीय. म्हणून मर्यादा २० किंवा ४० स्लॉट ठेवून एकदा सिम्युलेशनशी ताडा, पुढचं नेमक्या गणिताने करा. सरासरी वेळ काढताना थांबण्याचा निकषही बघा: लागोपाठच्या दोन फेऱ्यांतला फरक लहान झाला म्हणजे उत्तर जवळ आलं असं नसतं. इंटरव्हल इटरेशन खालून आणि वरून दोन्ही बाजूंनी आवळत आणते, ती वापरा.

आज रात्री बसणार असाल तर दोन सेन्सरपासून सुरू करा. दोन स्लॉटच्या आत दोघेही पोचण्याची संभाव्यता हाताने निघते. पहिल्या स्लॉटला दोघांतला नेमका एक बोलला, याची शक्यता १/२, तर दुसरा पुढच्या स्लॉटला एकटा असतो आणि काम होतं. दोघे बोलले किंवा दोघे गप्प राहिले तर टक्कर ठरलेली. तुमचं जुनं मॉडेल, नवं पूर्ण मॉडेल आणि पायथनचं मोजणीचं मॉडेल, तिन्हींनी ०.५ म्हणायला हवं. जुन्याने ० म्हटलं तर घाबरू नका, बहुधा प्रॉपर्टीतल्या मर्यादेत पावलांऐवजी स्लॉट लिहिले गेलेत.